काळ्या गाडीवर पुन्हा पुन्हा पडणारं जाळं

नेरजवळ अमरावती-यवतमाळ रस्त्याला लागून माझं गाड्या धुण्याचं छोटं सेंटर आहे. दसऱ्याच्या आठ दिवस आधी एक काका त्यांची काळी गाडी घेऊन आले. वर्षात तिसऱ्यांदा पॉलिश करून पाहिजे होतं. म्हणाले, "पॉलिश केलं का पंधरा दिवस आरशासारखी दिसते. मंग एक दिवस सकाळच्या उन्हात पाह्यलं का पुरं कोळ्याचं जाळं! हिचा पेंटच खराब हाय का रे?"

पेंट खराब नव्हता. मी मागचं दार उघडलं तर सीटखाली एक पिवळं फडकं होतं. चिमटीत धरून दोन बोटांत चोळलं तर करकर लागली. मग ते स्टीलच्या ताटलीवर झटकलं. ताटलीवर बारीक राखाडी भुकटी पडली आणि तिच्यात दोन-चार कण उन्हात चमकले. काकांना विचारलं, हे फडकं कधी वापरता? "रोज सकाळी. निंघाच्या आधी एक हात मारतो, धूळ राह्यली तं बरं नाही दिसत."

काळी गाडी असलेल्या दहापैकी आठ जणांची गोष्ट मला तरी हीच दिसते. जाळं रस्त्यावर पडत नाही. ते अंगणात पडतं, कोरडी धूळ पुसताना पडतं, आणि पुसणारा हात गाडीवर सगळ्यात जास्त जीव असलेल्या माणसाचा असतो. म्हणून पॉलिश कसं करायचं ते नंतर सांगतो. आधी जाळं येतं कुठून ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय केलेलं प्रत्येक पॉलिश गाडीच्या आयुष्यातून काहीतरी खरवडून नेतं.

रंगाच्या सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो. पेंटर त्याला क्लिअर म्हणतात, कोणी लॅकर म्हणतात. कंपनीतून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन भरतात. त्यातला क्लिअर 35 ते 50 मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी चमक ज्या थरावर आहे तो केसापेक्षाही पातळ. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवतो तोही हाच थर. जाळं म्हणजे या थरावरच्या बारीक रेघा, त्या रंगापर्यंत पोचलेल्या नसतात.

बरेच जण म्हणतात, गोल गोल पुसल्यामुळे गोल रेघा पडतात, सरळ पुसलं की झालं. हे अर्धंच खरं आहे. घरातलं जुनं, रोज घासलेलं स्टीलचं ताट बल्बखाली धरून पाहा. बल्बच्या प्रतिबिंबाभोवती गोल रेघांची चकती दिसते. ताट तसंच ठेवून डोकं बाजूला न्या, चकतीही सरकते. ताटावर रेघा सगळ्या दिशांना असतात. त्यातल्या दिव्याभोवती आडव्या येणाऱ्या तेवढ्याच डोळ्याकडे उजेड फेकतात, म्हणून गोल दिसतात. गाडीचंही तसंच आहे. सरळ रेषेत पुसण्याचा फायदा एवढाच, की पडलीच तर रेघ एका दिशेची पडते आणि फार थोड्या कोनांतून दिसते.

पांढऱ्या गाडीवर रेघा कमी पडतात असंही नाही. पांढरा रंग सगळीकडून उजेड परत फेकतो, त्यात रेघेचा पांढुरका उजेड मिसळून जातो. काळा रंग उजेड गिळतो, मग रेघेवरून आलेला तेवढाच उजेड उठून दिसतो. गडद निळा, मरून, बाटलीचा हिरवा या सगळ्यांचं दुखणं तेच, आणि ज्यात चमकीचे कण नाहीत असा सपाट काळा सगळ्यात नाजूक.

आता आपल्याकडची धूळ. काळ्या मातीचा चिखल वाळला की त्याचे पोपडे होतात आणि माणूस ते हातानं किंवा फडक्यानं कोरडेच उडवतो. पण नुसती माती असती तरी एवढं बिघडलं नसतं. तिच्यात मुरूम असतो, रस्त्याच्या गिट्टीचा चुरा असतो आणि आपल्या शेतात जागोजागी सापडणाऱ्या गारगोटीचे कण असतात. लहानपणी आपण दोन गारगोट्या एकमेकींवर घासून अंधारात ठिणगी पाडायचो, तीच ही गारगोटी. ती काचेवरही रेघ ओढते. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या 1 ते 10 च्या मापात ती 7 च्या आसपास आहे, काच साडेपाचच्या आसपास. क्लिअर तर त्यापुढे नुसतं प्लास्टिक. वणी-चंद्रपूरकडे कोळशाची धूळ आणि गडचांदूरकडे सिमेंटची धूळ यात भर घालते. सोयाबीनच्या दिवसांत हडंबा, म्हणजे मळणी यंत्र, चालू असला की कुटाराची, म्हणजे भुश्याची, बारीक कुसळं वाऱ्यानं अंगणात येऊन बोनेटवर बसतात.

आपण कापसाच्या मुलखातले, त्यामुळे सुती फडकं मऊ म्हणजे गाडीसाठी चांगलंच, हे मनात पक्कं बसलेलं असतं. कापसाचा दोष नाही. सुती फडक्याच्या विणीत कण वरच्यावर अडकून राहतो आणि फडकं फिरेल तसा रंगावर फिरतो. त्यात जुन्या सदऱ्याचं फडकं असेल तर शिवण आणि काजाची टोकं वेगळीच. सीटखाली पडलेलं तेच फडकं डॅशबोर्डला, तेच काचेला, तेच कधी बुटाला लागतं. पिसांच्या झटकणीचीही तीच गत. ती धूळ उडवते असं वाटतं, पण निम्मी धूळ ओढत नेते.

पॉलिश करायच्या आधी रेघा कुठल्या ते ओळखा. ट्यूबलाइटखाली काहीच कळत नाही. सकाळचं तिरपं ऊन किंवा अंधारात मोबाईलचा टॉर्च पाहिजे. गाडी धुवून कोरडी करा, टॉर्च हातभर अंतरावर धरा आणि हळूहळू सरकवा.

टॉर्चबरोबर सरकणारी बारीक कोळिष्टकं दिसली तर ते धुण्या-पुसण्याचं जाळं. बोनेटवर उभं राहून हात फिरवल्यासारखे कमानदार पट्टे दिसले तर रोजचं कोरडं फडकं. ती कमान तुमच्या खांद्यापासून हात पोचतो तेवढ्याच मापाची असते, हात फिरवून ताडून पाहा. पट्टे रुंद आहेत, धुरासारखे आहेत, तुम्ही चालाल तसे आतून हलल्यासारखे वाटतात आणि मशीन फिरल्याच्या वाटेनं जातात, तर ते जाळं नाहीच. ते मशीनचे डाग आहेत, आधीच्या पॉलिशवाल्यानं सोडून दिलेले. दाराच्या हँडलमागच्या खोबणीत उभ्या रेघा असतील तर त्या नखांच्या आणि अंगठ्यांच्या. डिकीच्या काठावरच्या रेघा पोत्यांच्या, आणि मागच्या चाकाच्या वर कमरेएवढ्या उंचीवरची जाड ओरखड पाहिली की मी आधी विचारतो, गाडी गोठ्याजवळ उभी करता का. टपावर जोडीजोडीनं खरचटलेलं असेल तर शेळी. बोनेटवर उन्हात कुणाचं नाव किंवा बदाम दिसला, तर पोरांनी धुळीत बोटानं लिहिलेलं आहे. धूळ धुतली तरी अक्षरं राहतात, कारण बोटाखाली गारगोटी होती.

खोली पाहायला नख आडवं फिरवा. नख अडकलं तर ती रेघ पॉलिशनं जाणारी नाही. नख अडकत नाही आणि पाणी शिंपडलं की रेघ दिसेनाशी होते, तर बहुतेक निघेल.

आता काकांचा खरा प्रश्न. पंधरा दिवसांत परत का येतं? याची तीन कारणं असतात आणि तिन्ही वेगळी ओळखता येतात.

पहिलं म्हणजे, रेघा गेल्याच नव्हत्या, भरल्या होत्या. स्वस्त पॉलिशमध्ये तेल, मेण आणि भरणी असते. ती रेघेच्या खाचेत बसते, गाडी त्या दिवशी झळकते, दोन-चार धुण्यांत भरणी निघते आणि खालची जुनीच रेघ वर येते. हे तपासायला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक भाग आणि पाण्याचे चार-पाच भाग असं मिश्रण करून स्वच्छ मऊ फडक्यानं वीतभर जागा हलक्या हातानं पुसा आणि टॉर्च लावा. पुसलेल्या चौकोनात रेघा जागच्या जागी दिसल्या आणि बाजूला दिसल्या नाहीत, तर भरणीच होती. पॉलिश करून घेतलेली गाडी ताब्यात घेण्याआधी प्रत्येकानं एवढी एक चाचणी समोर करून मागावी. चांगलं काम करणारा माणूस तिला नाही म्हणत नाही.

दुसरं कारण मशीनचं. बऱ्याच गॅरेजात पॉलिशला ग्राइंडरवरच लोकरीची टोपी चढवतात. ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे मारतो. पॉलिशचं रोटरी मशीन, म्हणजे नुसतं गोल फिरणारं, 600 ते 3,000 फेऱ्यांत चालतं, तेही शिकलेल्या हातात. ग्राइंडरनं रेघा जातात खऱ्या, पण त्यांच्या जागी धुरकट पट्टे बसतात आणि वरून मेण मारून दडवले जातात. मी स्वतः सुरुवातीला रोटरीनंच शिकलो. एका काळ्या बोनेटच्या कडेवर मशीन दोन सेकंद जास्त थांबलं आणि पॅडवर काळा रंग आला. कडेला क्लिअर मुळातच पातळ असतो, तो तिथे संपला होता. ते बोनेट मी माझ्या खर्चानं रंगवून दिलं. त्या दिवसापासून प्रत्येक कडेवर कागदी टेप लावल्याशिवाय मशीन चालू करत नाही.

तिसरं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे नव्यानं पडणाऱ्या रेघा. काकांच्या गाडीला पहिलं आणि तिसरं दोन्ही लागू होतं.

तर धुण्याबद्दल. कोरड्या गाडीला हात लावायचा नाही. एवढं एक जमलं तरी निम्मं जाळं थांबतं. धूळ बसलेली गाडी धूळ घेऊन चालू द्या, लाज वाटायचं कारण नाही. समोरची काच, आरसे आणि नंबर प्लेट तेवढी ओल्या फडक्यानं पुसा. आठवड्यातून एकदा नीट धुवा.

घरी प्रेशर पंप नसेल तर 16 लिटरचा बॅटरीचा फवारणी पंप चांगलं काम करतो. पण तो गाडीसाठी नवा आणि वेगळाच पाहिजे. तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेला पंप कितीही धुतला तरी गाडीला, आणि मुख्य म्हणजे तुमच्या हातांना, वापरू नका. त्यावर लाल रंगानं "गाडी" लिहून ठेवा, म्हणजे गडबडीत कुणी शेतात नेणार नाही.

गाडी सावलीत आणि पत्रा थंड असताना धुवा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा काळ्या बोनेटला हात लावणंही कठीण; साबण लावल्या लावल्या वाळतो. पहाटे किंवा दिवस कलल्यावर. आधी नुसतं पाणी, टपापासून खाली. मग पाच मिनिटं थांबा. काळी माती पाण्यानं फुगते आणि सैल होते, तिला वेळ द्या. परत पाणी मारा. हाताची पाळी यायच्या आधी जेवढी माती पाण्यानं गेली तेवढ्या रेघा वाचल्या.

मग दोन बादल्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळखळून काढायचा, मगच परत शाम्पूत. धुणं झाल्यावर साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी हात घालून पाहा. तिथे जी रेती लागते ती एकाच बादलीनं धुतलं असतं तर परत गाडीवर गेली असती. काकांना मी हेच दाखवलं. त्यांनी तळातला गाळ तळहातावर घेतला, अंगठ्यानं चोळला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

टप, काचा, बोनेट, दारांचा वरचा भाग असं खाली येत जा. दारांचा खालचा तिसरा हिस्सा आणि बंपर सगळ्यात शेवटी. चाकांचं फडकं वेगळं, आणि ते कधीच वर येणार नाही असं ठेवा. मोजा खाली मातीत पडला तर तो त्या दिवसापुरता बाद. कपड्यांची पावडर वापरू नका, तिच्यातला सोडा मेण काढून टाकतो आणि न विरघळलेले दाणे घासले जातात. आणि धुऊन झाल्यावर चमक यावी म्हणून डिझेल किंवा रॉकेलचा हात मारायची पद्धत आहे, ती पूर्ण बंद करा. डिझेलचा चिकट थर तासाभरात रस्त्याची धूळ धरतो आणि दुसऱ्या दिवशीचं पुसणं म्हणजे पाणी पेपर घासण्यासारखं होतं.

कोरडं करताना बेफिकीर राहिलात तर वरची सगळी मेहनत वाया. मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल गाडीवर पसरा आणि अलगद ओढा, किंवा नुसता दाबून उचला. घासू नका. बोअरचं पाणी जड असलेल्या गावांत, आणि दर्यापूर-अकोटकडच्या खारपाणपट्ट्यात तर फारच, थेंब वाळले की पांढरे ठिपके राहतात. ते कोरड्यानं घासून काढायला गेलं की परत रेघा. शेवटचं पाणी मिळेल तर पावसाचं किंवा फिल्टरचं वापरा, दोन लिटरही पुरतं. बसलेल्या ठिपक्यांवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून ओलं फडकं मिनिटभर ठेवा, मग भरपूर पाण्यानं धुवा. पत्रा थंड असतानाच.

टॉवेल धुण्याचंही सांगतो, कारण इथे बऱ्याच चांगल्या टॉवेलांची वाट लागते. सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, मायक्रोफायबर त्यांचा धागा आणि कचरा धरतो. कपडे मऊ करायचं द्रावण नको, इस्त्री नको. आणि वाळायला काटेरी कुंपणावर किंवा झुडपावर टाकू नका. मी एका गिऱ्हाइकाच्या टॉवेलमधून चिमट्यानं सात कुसळं काढली आहेत. तो टॉवेल नवाच होता आणि जाळं त्यानंच पाडलं होतं. दोरीवर, सावलीत, आणि वाळला की बंद पिशवीत.

कव्हरची गोष्ट लोकांना पटायला वेळ लागतो. धुळीच्या गाडीवर कव्हर घातलं आणि उन्हाळ्यातला वारा सुटला की कव्हर दिवसभर फडफडतं आणि खालची धूळ घासत राहते. कव्हर घालायचं तर गाडी धुतलेली पाहिजे. नाहीतर पत्र्याच्या शेडखाली उघडी उभी राहिलेली बरी. कडुलिंबाखाली उभी करत असाल तर पाखरांची शीट त्याच दिवशी काढा, पण ओला कपडा पाच मिनिटं त्यावर ठेवून, खरवडून नाही.

पूजेचंही एक. दसऱ्याला झेंडूचा हार बोनेटवर बांधतात आणि तो आठ-आठ दिवस तसाच असतो. गाडी चालली की हाराचा दोरा धुळीसकट बोनेटवर घासत राहतो. दोन्ही बाजूंना धनुष्यासारख्या रेघा पडतात. हार पूजेच्या दिवशी उभ्या गाडीला घाला, सीमोल्लंघनाला निघताना काढून आत डॅशबोर्डवर ठेवा. कुंकवाचं स्वस्तिक बोटानं ओलं काढलं तर रेघ पडत नाही, दुसऱ्या दिवशी पाण्यानं सोडवायचं, घासायचं नाही.

हे सगळं किमान महिनाभर पाळल्यावरच पॉलिशकडे या. त्याआधी केलेलं पॉलिश टिकणार नाही, आणि क्लिअर मात्र कमी होईल. पॉलिश म्हणजे रेघ भरणं नाही, रेघेच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर उतरवून सपाट करणं. एका वेळेला एखाद-दोन ते तीन-चार मायक्रॉन जातात. गणित तुम्हीच करा, वर्षात तीनदा हे परवडणारं नाही.

काकांच्या गाडीचं काम मी दसऱ्याआधी केलंच नाही. फक्त धुतली, पूजेला दिली आणि दिवाळीनंतर बोलावलं. तोवर त्यांनी फडकं फेकलं होतं.

धुतल्यावर हातावर पातळ पॉलिथिनची पिशवी चढवून बोनेटवरून हात फिरवला. पिशवीमुळे बारीक खडबडीतपणा जास्त जाणवतो. दाणे लागले म्हणजे रंगात काहीतरी रुतलंय. मग क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा, घेतला, शाम्पूचं पाणी भरपूर मारून हलक्या हातानं फिरवला, मळला की घडी उलटवून स्वच्छ बाजू वर घेतली. क्ले जमिनीवर पडला की फेकायचा, कितीही जीव तुटला तरी.

मशीन डी.ए. (ड्युअल ॲक्शन) प्रकारचं वापरा. ते गोल फिरता फिरता डोलतं, त्यामुळे एका जागी तापत नाही आणि धुरकट पट्टे सोडत नाही. घरी शिकणाऱ्यानं रोटरीला हात लावू नये, हे मी मनापासून सांगतो. आधी दीड फूट बाय दीड फूट जागेवर चाचणी घ्या आणि नेहमी सगळ्यात हलक्या जोडीनं सुरुवात करा: मऊ फोमचं पॅड आणि बारीक पॉलिश. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, मशीन कमी वेगावर ठेवून पसरवा, मग मधल्या वेगावर आडवे-उभे चार ते सहा हात, सावकाश, सेकंदाला इंचभर. पॅड सपाट राहिलं पाहिजे. पुसा, अल्कोहोलच्या मिश्रणाचा हात फिरवा, टॉर्च लावा. नव्वद टक्के गेलं तर तीच जोडी पुऱ्या गाडीला. नाही गेलं तरच जाड कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश, आणि कडक पॅड, आणि त्यानंतर परत बारीक पॉलिश करावंच लागतं. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशनं झाडा. पॅडमध्ये साचलेली भुकटी स्वतःच नव्या रेघा पाडते.

संध्याकाळी गावात व्होल्टेज उतरतं आणि मशीन मरगळतं. तुम्ही दाब वाढवता, पॅड फिरायचं थांबतं आणि नुसतं थरथरतं. सकाळी करा.

पॅडवर गाडीचा रंग उतरला तर तिथेच थांबा. एक तर क्लिअर संपलाय, नाहीतर त्या भागावर गॅरेजात क्लिअर न मारता रंग दिलेला आहे. अपघातानंतर रंगवलेल्या दाराचा थर कंपनीच्या थरासारखा नसतो, तिथे प्रत्येक भागाची वेगळी चाचणी लागते. प्लास्टिकचा बंपर पत्र्यापेक्षा लवकर तापतो, तिथे हात आणखी हलका.

टूथपेस्टनं रेघ जाते असं बरेच जण सांगतात. तिच्यातही घासणारी भुकटी असते, म्हणून थोडा फरक दिसतो, पण ती दातांसाठी केलेली आहे. काळ्या रंगावर ती स्वतःची धुरकट छाप सोडते.

सिरॅमिक कोटिंगबद्दल रोज विचारतात. त्यावर लिहिलेलं 9एच हे पेन्सिलीच्या कडकपणाचं माप आहे, खनिजांच्या मापाशी त्याचा संबंध नाही. गारगोटीपुढे ते टिकत नाही. कोटिंगचा फायदा वेगळा आहे: चिखल कमी चिकटतो, पाण्यानंच बरीच धूळ वाहून जाते, त्यामुळे घासावं कमी लागतं. पण कोटिंग केलं म्हणून कोरडं पुसायला लागलात तर जाळं कोटिंगवर पडेल. रेघांपासून खरी आडभिंत म्हणजे पारदर्शक पीपीएफ फिल्म, रंगावर चिकटवायचा जाड प्लास्टिकचा थर. ती महाग आहे. पुऱ्या गाडीला परवडत नसेल तर बोनेट आणि हँडलमागच्या खोबणींना लावा. मेण स्वस्त आणि चांगलं, आपल्या उन्हाळ्यात मात्र ते लवकर उडतं, दर दोन महिन्यांनी परत लावायची तयारी ठेवा.

मोटारसायकलच्या काळ्या टाकीचं वेगळं असतं. तिथे धुण्यापेक्षा पँटची चेन, पट्ट्याचं बक्कल, टाकीवर ठेवलेली किल्ली आणि बाजाराची पिशवी जास्त रेघा पाडतात. टाकी वळणदार, मशीन नीट बसत नाही. हातानं फोमच्या गोळ्यावर बारीक पॉलिश घेऊन सरळ रेषेत करा. स्टिकर क्लिअरच्या वर असेल तर त्याच्या कडेला पॉलिश जाऊ देऊ नका, पांढरी कड वाळून बसते. नंतर टाकीच्या मागच्या अर्ध्या भागावर साधी पारदर्शक फिल्म लावून टाका, तेवढ्यानं वर्ष निघतं.

काकांच्या गाडीला पूर्ण दीड दिवस लागला. बोनेट आणि टप हलक्या जोडीनंच साफ झाले, उजव्या दाराला कंपाउंड लागलं. मागच्या चाकाच्या वर गाईच्या शिंगाची एक रेघ होती, नख अडकत होतं. ती काढायला गेलो असतो तर आजूबाजूचा निम्मा क्लिअर गेला असता. काकांना टॉर्चखाली ती दाखवली, हलकं पॉलिश करून कडा बोथट केल्या आणि रेघ तशीच राहू दिली.